शाळेत नाटक शिकायचंय? दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि आठवी-नववीच्या पोरांची नाटकं बसवते. जूनमध्ये पालकसभा झाली की हे प्रश्न येतात, गणपती गेले आणि स्पर्धेचे फॉर्म आले की पुन्हा तेच येतात, आणि मधल्या काळात व्हॉट्सॅपवर रात्री अकराला येतात. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीची आहेत, जिथे बोलण्यासारखं आहे तिथे बोललेय.

शाळेत नाटक हा विषय असतो का? त्याचा पेपर असतो?

ते तुमच्या बोर्डावर आहे. आपल्या एसएससीला नाटक नावाचा वेगळा पेपर नाही. आयसीएसईला नववी-दहावीत परफॉर्मिंग आर्ट्समध्ये ड्रामा घेता येतो, पण तो प्रत्यक्ष शिकवणारी शाळा शोधायला लागते. केंब्रिजच्या आयजीसीएसईला मात्र ड्रामा हा पूर्ण विषय आहे, लेखी परीक्षेला ४० टक्के आणि प्रत्यक्ष कामाला ६० टक्के. प्रत्यक्ष कामात एक प्रवेश एकट्याने करायचा, एक गटाने, आणि एक नाटुकलं गटाने स्वतः रचायचं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये जीसीएसईला (तिकडची आपल्या दहावीसारखी परीक्षा) ड्रामा घेऊन बसला तेव्हा मी त्याचं मार्कांचं गणित बघून चाट पडले. त्यांच्या एक्यूए बोर्डात मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकाला ८० गुण, आणि त्यातले स्टेजवरच्या प्रयोगाला फक्त २०. उरलेले ६० वहीला! म्हणजे काय ठरवलं, का ठरवलं, तालमीत काय फसलं, मग काय बदललं, हे लिहून ठेवायचे. तेव्हापासून मी पण आमच्या पोरांना तालमीची वही ठेवायला लावते, मार्क नाहीत तरी. सुरुवातीला "आज तालीम झाली. मजा आली." एवढंच लिहितात, दिवाळीपर्यंत सुधारतं.

मग एसएससीच्या शाळेत नाटक शिकायचं म्हणजे नक्की कुठे शिकायचं?

तीन ठिकाणी. स्नेहसंमेलनात, स्पर्धेच्या एकांकिकेत, आणि मराठीच्या तासाला. तिसरं सगळे विसरतात. पुस्तकात संवाद असलेला धडा आला की तो बाईंनी एकटीने वाचून टाकायचा नसतो, वर्गात वाटून द्यायचा. पुढे अकरावीला तर २०१९ च्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पुस्तकात, नाटक हा साहित्यप्रकार म्हणून आख्खा भागच होता, नाटकांच्या उताऱ्यांसकट. तिथे पोचलेली जी मुलं आठवीत एकदा तरी स्टेजवर उभी राहिलीत त्यांना "नेपथ्य म्हणजे काय" हे पाठ करायला लागत नाही.

स्नेहसंमेलनाबद्दल माझं मत जरा कडू आहे. डिसेंबरमध्ये पंधरा दिवसांत घाईघाईने बसवलेलं नाटक, मागून रेकॉर्ड केलेले संवाद आणि पोरं नुसते ओठ हलवतायत, ह्याला मी नाटक म्हणत नाही. पालकांना व्हिडिओ छान मिळतो, बस.

माझा मुलगा फार बुजरा आहे, त्याला जमेल का?

जमेल. बोलकी मुलं पहिल्या आठवड्यात चमकतात आणि बुजरी मुलं चौथ्या आठवड्यात, हा माझा अनुभव आहे. कारण बुजरं मूल समोरच्याकडे बघत असतं, ऐकत असतं, त्याला कोण कधी काय म्हणतं ते सगळं माहीत असतं. बोलकं मूल बऱ्याचदा आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभं असतं आणि मध्ये काय झालं त्याचा त्याला पत्ताच नसतो.

फक्त एक करा. "स्टेज डेअरिंग यायला पाहिजे म्हणून घातलाय" असं त्याच्यासमोर चारचौघांत म्हणू नका. औषधासारखं वाटतं ते त्याला.

मुख्य भूमिका आमच्या मुलीला का दिली नाही? तिचं पाठांतर सगळ्यात चांगलं आहे.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि ह्याचं उत्तर दरवर्षी कुणाला आवडत नाही.

पाठांतर म्हणजे अभिनय नव्हे. पाठांतर ही फक्त प्रवेशाची चिठ्ठी. भूमिका देताना मी बघते की समोरचा बोलत असताना हे मूल काय करतं. म्हणजे दोन मुलांना उभं करायचं, एकाने नुसतं सांगायचं की "आज मला शाळेत यायला उशीर झाला कारण..." आणि दुसऱ्याने काहीच बोलायचं नाही, ऐकायचं. मी त्या दुसऱ्याकडे बघत असते. ज्याच्या चेहऱ्यावर, मानेत, हातात ऐकलेलं दिसतं त्याला मोठं काम. बाकी उंची, आवाज, दिसणं हे सगळं नंतर.

आणि खरं सांगायचं तर शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका ही भानगडच मला आवडत नाही, मी शक्यतो दहा-बारा मुलांना सारखं काम असलेली संहिता घेते. एका राजाभोवती अकरा भालदार-चोपदार मुठी आवळून उभे, त्यांना वीस मिनिटांत एक "जी महाराज", हे त्या अकरांवर अन्याय करणारं आहे.

वाक्यं पाठ कशी करायची? घरी आई समोर संहिता धरते आणि मी म्हणतो, पण स्टेजवर विसरतो.

विसरणारच, कारण तू आईच्या आवाजाला पाठ केलंयस. घरी आई एका सुरात वाचते, तिथे तालमीत तुझा मित्र ते वाक्य ओरडत पळत येऊन म्हणतो, मग तुझी गाडी रुळावरून खाली.

दुसरं, तू फक्त तुझी वाक्यं पाठ करतोस. समोरच्याची आधी पाठ कर. खरंच! तुझं वाक्य समोरच्याच्या वाक्यातून निघतं, ते ऐकलं की तुझं आपोआप येतं. आणि बसून पाठ करू नकोस, जिथे चालत बोलायचंय तिथे चालत, जिथे बादली उचलत बोलायचंय तिथे बादली उचलत. पाय आणि हात पण पाठ करतात.

विसरलास तरी गप्प उभं राहायचं नाही आणि जीभ तर अजिबात चावायची नाही, प्रेक्षकांना संहिता माहीत नसते. प्रॉम्प्टर आम्ही रंगीत तालमीनंतर काढून टाकतो. विंगेतून कोणीतरी सांगेल ह्या भरवशावर राहिलेलं मूल समोरच्याचं नाही, विंगेतलं ऐकत असतं.

तुम्ही सारखं ऐका ऐका म्हणता, ते शिकवता येतं का?

येतं. आणि त्यासाठी कुठलं परदेशी पुस्तक नको, तळकोकणात जाऊन दशावतारी नाटक बघा.

सिंधुदुर्गात, आणि पलीकडे गोव्याच्या पेडण्यात, गावच्या जत्रेत रात्री दशावतार उभा राहतो. छापील संहिता नाही. मंडळी रंगायला बसतात, आपापला रंग आपणच लावतात, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं. आणि संवाद? ते स्टेजवर, तिथल्या तिथे! समोरचा राक्षस जे बोलला त्यातला शब्द पकडून राजा उत्तर देतो, मग राक्षस त्या उत्तरातला शब्द पकडतो, असं तासन्‌तास चालतं. तिथे न ऐकता उभं राहताच येत नाही. मी मालवणकडची नाही, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं ह्यांचं सगळं घोटून पाठ आहे. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं की कालच्या गावात हाच प्रवेश वेगळा झाला होता, तेव्हा मी उडालेच.

वर्गात करायला त्यातलाच एक खेळ: दोघांनी भांडायचं, पण प्रत्येकाने आपलं वाक्य समोरच्याच्या शेवटच्या शब्दाने सुरू करायचं. "तू माझी पेन्सिल घेतलीस." "घेतलीस म्हणजे काय, तुझी कुठे होती?" "होती म्हणून तर शोधतोय." पाच मिनिटं खेळा, वर्ग शांत होतो. आठवी क चा वर्ग शांत झालाय, म्हणजे बघा.

एकट्याने तयारी करायची असेल तर सुरुवात कशाने करू?

नाट्यछटेने. मराठीतला हा खास आपला प्रकार आहे आणि तो आणला दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, १८८९ ते १९३१. ते पण शाळामास्तरच, हे मला फार आवडतं. ब्राउनिंग नावाच्या इंग्रज कवीची एकाच माणसाच्या तोंडी असलेली काव्यं वाचून त्यांना हे सुचलं आणि त्यांनी एक्कावन्न नाट्यछटा लिहिल्या. दोन-तीन मिनिटांच्या. बोलणारा एकच, पण तो कुणाशी तरी बोलतोय, समोरच्याचं आपल्याला ऐकू येत नाही, ह्याच्या बोलण्यावरूनच कळतं.

इथेच सगळ्यांची चूक होते. स्पर्धेत मुलं नाट्यछटा भाषणासारखी ठोकतात. समोरच्याला बोलायला वेळच देत नाहीत, "काय म्हणालात? नाही?" हे एका दमात. अरे, तो "नाही" म्हणाला कधी? मी काय करते की त्या न दिसणाऱ्या माणसाची वाक्यं मुलांकडून वहीत लिहून घेते. मग एका मैत्रिणीने ती वाक्यं म्हणायची आणि तू नाट्यछटा म्हणायची, असं आठ दिवस. नवव्या दिवशी मैत्रिणीला बाहेर काढायचं. तेव्हा जो पॉज उरतो तो खरा पॉज. मनात एक-दोन-तीन मोजून घेतलेला पॉज लगेच कळतो, परीक्षकांना तर कळतोच, पहिल्या रांगेतल्या पहिलीच्या पोरांना पण कळतो.

आवाज मागपर्यंत पोचत नाही. ओरडून बोलायचं का?

नाही. ओरडलं की शब्द फुटतात आणि तिसऱ्या दिवशी घसा बसतो. श्वास पोटातून, वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही (मराठीत क्रियापद शेवटी असतं, ते खाल्लं की वाक्यच गेलं), आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाला सांगतोय असं धरून बोलायचं. मैदानात एकमेकांपासून वीस पावलांवर उभं राहून साध्या सुरात गप्पा मारा, हाच व्यायाम.

स्टेजवर खाली ठेवलेले माईक असतील तर त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा घाला, नाहीतर संवादांपेक्षा पावलांचा धपधपाट जास्त ऐकू येतो. आणि शक्यतो अनवाणी.

मुलाचा आवाज फुटतोय, त्याला या वर्षी घेऊ नये का?

अवश्य घ्या. फक्त त्याच्याकडून चढ्या पट्टीत काही करून घेऊ नका, गाणं तर नकोच. मधेच आवाज घसरला तर हसणाऱ्यांना मी बघून घेते.

आमच्या मुलांची भाषा "शुद्ध" नाही. स्पर्धेत मार्क जातात का?

ह्यावर मी भांडायला तयार असते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुण्याच्या सदाशिव पेठेतला काका करायला लावला तर तो लाकडी होणारच. त्याला जळगावच्या केळीवाल्याचं काम द्या आणि मग बघा. वऱ्हाडी, मालवणी, आगरी, चंदगडी, ज्या भाषेत मूल घरी भांडतं त्या भाषेत ते स्टेजवर सगळ्यात आधी मोकळं होतं. प्रमाण मराठी नंतर येते, येऊ द्यावी, ती पण एक भूमिकाच आहे.

स्पष्ट उच्चार आणि शुद्ध भाषा ह्या दोन गोष्टी आहेत. मार्क स्पष्ट उच्चाराचे असतात, असायला हवेत. एका स्पर्धेत एका परीक्षकांनी आमच्या पोरीला "ण" म्हणता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, तिची भूमिका होती बाजारात मासळी विकणाऱ्या बाईची. मी काही बोलले नाही तेव्हा, बोलायला हवं होतं.

मला अभिनय नकोय, मागचं काम आवडेल. ते शिकणं धरतात का?

धरतात काय, निम्मं नाटक तेच आहे. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात पण अभिनय चार प्रकारचा सांगितलाय, आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा) आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेश, रंग, वस्तू. म्हणजे शर्टाचं बटण कुठलं तुटलेलं हे ठरवणारी पण अभिनयच करतेय.

शाळेत काय काय काम असतं ते सांगते. नेपथ्य: आमच्याकडे तीन ठोकळे, एक बाक आणि एक चौकट एवढंच, तेच कधी घर कधी बस कधी पोलीस चौकी. प्रकाशयोजना: शाळेच्या हॉलमध्ये उजेड कमी-जास्त करणारा डिमर नसतो, दोन हॅलोजन असतात, तरी ते समोर वरून साधारण ४५ अंशात कोपऱ्यातून लावले तर चेहरे दिसतात, बरोबर डोक्यावर लावले तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. हे दहा मिनिटांत टॉर्च घेऊन शिकवता येतं आणि भौतिकशास्त्राच्या सरांना बोलावलं तर तेही खूश होतात. पार्श्वसंगीत: लॅपटॉपवर गाणी क्रमाने लावून ठेवणारं आणि फोन फ्लाइट मोडवर टाकणारं मूल. हे दुसरं फार महत्त्वाचं. एकदा ऐन प्रवेशात, म्हातारा मरतोय आणि स्पीकरवर कुणाच्या तरी मामांचा फोन वाजला.

रंगमंच व्यवस्था बघणाऱ्या मुलाला तर पूर्ण नाटक पाठ असतं. तीन वर्षांपूर्वी आमची एक मुलगी प्रयोगाच्या दिवशी तापाने फणफणली, तिच्या जागी विंगेत वस्तू देणारी पोरगी उभी राहिली आणि एकही वाक्य चुकली नाही. कुणी तिला पाठ करायला सांगितलं नव्हतं, ती दोन महिने नुसती ऐकत होती.

स्टेजवर डावं-उजवं कुणाचं धरायचं?

नटाचं. तोंड प्रेक्षकांकडे करून. पुढे येणं म्हणजे डाऊन, मागे जाणं म्हणजे अप, कारण पूर्वी तिकडच्या नाटकघरांत स्टेज मागे चढतं असायचं.

संहिता कुठून आणायची? लेखकाची परवानगी लागते का?

आधी मुलांच्या वयाची संहिता शोधा. मोठ्यांची गाजलेली एकांकिका घेऊन चौदा वर्षांच्या मुलीला घटस्फोटित बाई करायला लावू नका, हे मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं.

परवानगीचं असं आहे. कॉपीराइट कायद्यात शाळेसाठी सवलत आहे: शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि शिक्षकांनी नाटक केलं आणि बघायला फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असतील तर तो भंग धरत नाहीत. पण तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत, बाहेरच्या स्पर्धेत नेलंत, किंवा यूट्यूबवर चढवलंत, तर ही सवलत धरून चालू नका, लेखकाला किंवा वारसांना सरळ पत्र लिहा. स्पर्धांच्या फॉर्मबरोबर असं पत्र बहुतेक मागतातच. आपले बरेच लेखक शाळेचं नाव ऐकून आनंदाने हो म्हणतात, फक्त विचारलेलं आवडतं त्यांना.

लेखक जाऊन ६० वर्षं झाली की हक्क संपतो. म्हणून दिवाकर, देवल, गडकरी हे मोकळे आहेत. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, मुलांनीच लिहायचं. आमचं सगळ्यात चांगलं नाटक गावातल्या बंद पडलेल्या एसटी थांब्यावर होतं, पोरांनी आठ दिवस तिथे बसून लोक काय बोलतात ते वहीत उतरवलं होतं.

कुठल्या स्पर्धांना जाता येईल?

राज्य शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय बालनाट्य स्पर्धा घेतं, आधी वेगवेगळ्या केंद्रांवर प्राथमिक आणि मग अंतिम. केंद्र शासनाचा कला उत्सव २०१५ पासून आहे, तो नववी ते बारावीसाठी, त्यातले प्रकार मधून मधून बदलतात. विज्ञानाची आवड असेल तर नॅशनल कौन्सिल ऑफ सायन्स म्युझियम्सचा विज्ञान नाट्योत्सव असतो, मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर त्याच कुटुंबातलं. पुण्यात दिवाकरांच्या नावाने नाट्यछटा स्पर्धा होते. शिवाय गावोगावच्या नाट्यपरिषदेच्या शाखा, वाचनालयं.

नियमावली नीट वाचा, वेळ ओलांडली की काम कितीही चांगलं असलं तरी बाद. सेट लावण्याचा आणि काढण्याचा वेळ पण बहुतेक मोजतात, त्याची पण तालीम करा, घड्याळ लावून.

निकालाचं म्हणाल तर परतीच्या बसमध्ये रडारड होते, मग वडापाव मिळाला की थांबते.

तालमीमुळे अभ्यास बुडतो.

तालीम अडीच तासांच्या वर गेली की बुडतो, आणि त्यात चूक आमची मोठ्यांची असते. आमचं गणित असं की वीस-पंचवीस मिनिटांच्या एकांकिकेला सात-आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दीड तास. ज्याचा प्रवेश नाही त्याला त्या दिवशी बोलवायचंच नाही, उगाच बसवून ठेवलेल्या मुलाचा अभ्यास पण होत नाही आणि नाटक पण. परीक्षेच्या आधी दोन आठवडे सुट्टी. सातच्या पुढे तालीम नाही, आणि प्रत्येक मुलगा-मुलगी कुणाबरोबर घरी जाणार हे वहीत लिहिलेलं. मुलींना "उशीर होतो म्हणून नको" असं घरून सांगतात तेव्हा मी वाद घालत नाही, तालीम सकाळी साडेसातला घेते.

दहावीच्या वर्षी नाटक करावं का?

ऑगस्टपर्यंत करा. नंतर संहिता नववीकडे द्या आणि तुम्ही फक्त बघायला या.

दहावीला नाटकाचे जादा गुण मिळतात म्हणे?

राज्य मंडळात कलेसाठी सवलतीचे गुण आहेत, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला असे प्रकार त्यात येतात. कुठला प्रकार, कुठली संस्था, किती गुण हे शासन निर्णयाने ठरतं आणि त्यात सुधारणा होत राहतात, म्हणून शाळेच्या ऑफिसातून ह्या वर्षीचं परिपत्रक मागून घ्या. शेजारणीच्या मुलाला मिळाले ह्यावर जाऊ नका. आणि लोककलेचं प्रमाणपत्र हवं म्हणून फेब्रुवारीत गोंधळ शिकायला आलेल्या मुलांना मी परत पाठवते.

मुलीला मालिकेची ऑफर आलीये. काय करू?

पहिलं, ऑडिशनसाठी किंवा "पोर्टफोलिओ" साठी पैसे मागितले तर ती ऑफर नाहीच, पळा. दुसरं, कायदा माहीत करून घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ च्या केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे: दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. हे सेटवर विचारलंत तर "अहो ताई, असं कुठे असतं का" म्हणतील. असतं.

तिसरं, कॅमेऱ्याचं काम आणि नाटक ह्यात फरक आहे. मालिकेत दृश्य तुकड्या-तुकड्यात होतं, कधी समोरचा नट तिथे नसतोच, आणि बारा वर्षांच्या मुलीला हवेकडे बघून रडायला सांगतात. नाटकाचं बूड पक्कं असेल तर तेही जमतं. पण आधी बूड.

सुट्टीतलं शिबिर लावू का?

लावा, पण आधी एक दिवस जाऊन दारात उभ्या राहा. मुलं हसतायत का, आणि शिकवणारा माणूस स्वतः किती बोलतोय. तासातला पाऊण तास तोच बोलत असेल तर पैसे वाचवा. शेवटच्या दिवशी पालकांसाठी "ग्रँड शो" हे जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असेल तरी जरा जपून.

नाटकं बघायची तर कुठली?

मिळेल ते. आपल्याकडे बालनाट्याला चांगली परंपरा आहे, सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी आयुष्यभर लिहिलं. राजा-राणी-चेटकिणीचा कंटाळा आला असेल तर पुण्यात डॉ. मोहन आगाशेंनी १९८६ च्या सुमारास बर्लिनहून आणलेली ग्रिप्सची नाटकं, त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात आणि विषय घरातले, शाळेतले. आठवीच्या मुलांना हे बघून धक्काच बसतो की चाळिशीचा माणूस आपल्यासारखा कसा बसतो.

पुण्या-मुंबईत नसाल तर आणखी चांगलं. वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं आहेत, कोकणात दशावतार, गोव्यात जत्रेतली नाटकं आणि तियात्र, म्हणजे तिथली कोकणी नाटकं. शेवटपर्यंत जागं राहायचं नसेल तर मध्यंतरापर्यंत तरी बसा. फोन बंद.

पुढे ह्यातच शिकायचं असेल तर?

बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकात पदवी करता येते, प्रवेशाला निवड चाचणी असते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे पण ते पदवीनंतर, गोव्यात कला अकादमीचं नाट्यविद्यालय आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), १९५९ ची संस्था, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, तिथेही आधी कुठल्या तरी विषयातली पदवी लागते आणि नाटकं केलेली लागतात. म्हणजे "दहावीनंतर एनएसडी" असं काही नसतं, कुणी क्लासवाला सांगत असेल तर त्याला विचारा कसं काय.

पोट भरतं का? नुसत्या नाटकावर फार थोड्यांचं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण प्रकाशयोजना करतो आणि तो त्यातल्या त्यात बरा कमावतो. एक जण वकील आहे, ती म्हणते कोर्टात समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकते म्हणून केस जिंकते, आता हे तिचं म्हणणं.

प्रयोगाच्या दिवशी घरून काय काय पाठवायचं?

साधी पोळी-भाजी, केळं, कोमट पाणी. दही नको, चिवडा-फरसाण नको, घशात अडकतं आणि मग विंगेत खोकला. केसांना तेल लावून पाठवू नका, विग बसत नाही. मेकअप काढायला खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि एक जुना पंचा, चांगला टॉवेल पाठवलात तर तो गेलाच समजा. एक जादा सेफ्टी पिनांचं पाकीट. आणि तिसरी घंटा झाल्यावर विंगेत डोकावून "बाळा, शर्ट आत खोच" असं सांगायला येऊ नका, तो शर्ट आम्ही मुद्दाम बाहेर काढलेला असतो.